सराफाची खुर्ची

पदक घरात येऊन चार दिवस झाले होते आणि बायनाबाईनं त्याला एकदाही हात लावला नव्हता.

एरवी साधी सुई घरात आली तरी ती उजेडात धरून नेढं बघायची आणि मगच पेटीत ठेवू द्यायची. हे तर सोन्याचं पदक होतं, मधोमध तुरीच्या दाण्याएवढं माणिक, आणि त्यात तिच्या तीन शेळ्या गेल्या होत्या. उरलेली भर लेक दिनकररावानं पगारातून घातली होती. रविवारी नांदेडची मंडळी गीताच्या साखरपुड्याला यायची होती. चारचौघांत आजीनं स्वतःच्या हातानं ते नातीच्या गळ्यात घालायचं, हेही तिनंच ठरवलं होतं. हापशावर तिनं ही बातमी इतक्यांदा सांगितली होती की बाया अर्धी घागर भरूनच पळ काढू लागल्या होत्या.

आणि हैदराबादेहून परतल्यापासून मात्र तोंडात मिठाची गुळणी. बुधवारी सकाळी भाकरी थापताना, कोणी काही विचारलेलं नसताना, तिनं सांगून टाकलं.

"ते खोटं हाय. मी न्हाई घालणार पोरीच्या गळ्यात."

कमलबाईच्या हातातली फुंकणी हातातच राहिली. हैदराबादेच्या दुकानात तिनं चौदा नमुने बाजूला सारून हे पंधरावं पसंत केलं होतं. सासूनं खड्याला नाव ठेवलं म्हणजे तिच्या नजरेलाच नाव ठेवलं, असं तिला वाटलं आणि वाईट वाटलं. पण लग्नाला वीस वर्षं झाली होती, बायनाबाईशी चुलीपाशी वाद घालू नये एवढं ती शिकली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

दिनकरराव चुडावा स्टेशनवर तिकीटबाबू. अकरा वर्षांच्या नोकरीत गाडी उशिरा आली असेल, दिनकररावाची खिडकी कधी उशिरा उघडली नव्हती. अशा माणसाचा कागदावर विश्वास असतो. तो उठला आणि पावती घेऊन आला. पावतीवर दुकानाचं नाव, शिक्का, सही, सगळं होतं.

"कागदाचं काय सांगतूस," बायनाबाई भाकरी उलटत म्हणाली. "कागद खोटा बोलतो म्हून तर त्याला शिक्का मारावा लागतोय."

कडूबाईला हे भलतंच आवडलं. कडूबाई ही दिनकररावाची थोरली बहीण, पोखर्णीला दिलेली, साखरपुड्यासाठी आठ दिवस आधीच येऊन बसलेली. तिच्या मनात एक गाठ होती. रेल्वेचा पास आई, बायको आणि लेकीला चालतो, सासरी गेलेल्या बहिणीला चालत नाही. म्हणून सगळ्यांनी चारमिनार बघितला आणि तिनं पोखर्णीत बसून कापूस वेचला. आपल्याला तर बघताक्षणीच शंका आली होती, असं ती आता म्हणू लागली. सोमवारी तिनंच ते पदक तीनदा गळ्याशी धरून आरशात बघितलं होतं, ही गोष्ट कमलबाईनं मोठ्या मनानं काढली नाही. पण लक्षात ठेवली.

दुपारपर्यंत घराचे दोन तट पडले. आई आणि कडूबाई एकीकडे, मुलगा-सून दुसरीकडे. गीता मधे. ती म्हणाली, "आजी, खरं आसू का खोटं, तू घालायलीस ना, मला तेवढं बस." नात गोड बोलली म्हणून आजी विरघळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट ती तडकली. खोटंच घालायचं असेल तर पणजीचे काचमणी अजून गाडग्यात पडलेत, ते घाल म्हणाली. बायनाबाईच्या आईला आणि आजीला सोनं घालायची मुभा नव्हती, ऐपत तर नव्हतीच. या घरातला पहिला खरा डाग-दागिना नातीच्या अंगावर चढणार म्हणून तिनं शेळ्या विकल्या होत्या. तो खोटा निघाला तर शेळ्या गेल्याचं दुःख नव्हतं. नांदेडच्या लोकांसमोर आपण आपल्याच पोरीला फसवलं, हे तिला सोसणार नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज फाटला, आणि तेव्हापासून या प्रकरणाला थट्टेवारी नेणं बंद झालं.

गुरुवारी सटवाजीबाबा आले. हे बायनाबाईचे थोरले दीर, दोन घरं सोडून राहायचे, आणि वस्तीत कोणाच्याही घरी काहीही बिघडलं की तिथं उपाय घेऊन हजर व्हायचे. ते दिसताच बायनाबाईनं पदर सारखा केला. माणिक गाईच्या दुधात टाकलं आणि दूध गुलाबी झालं तर अस्सल, नाही झालं तर काच, असं त्यांनी सांगितलं. निजामाच्या काळात जहागीरदाराच्या घोड्याचा खरारा करताना त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं म्हणे. दुधाची वाटी आली. कमलबाईनं पदक, लाल रेशमी गोंड्यासकट, हळूच वाटीत सोडलं. सगळे वाटीभोवती उकिडवे बसले.

आणि दूध खरंच गुलाबी होऊ लागलं.

सटवाजीबाबांनी मिशीवरून हात फिरवला. गीता टाळ्या पिटायला लागली. बायनाबाईच्या चेहऱ्यावर हैदराबादेहून आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. कमलबाईनं पदक बाहेर काढलं आणि तिच्या लक्षात आलं की बोटं लाल झाली आहेत. रंग माणकाचा नव्हता, गोंड्याचा सुटला होता.

आता सांगावं की गप्प बसावं? गप्प बसलं तर प्रकरण इथंच मिटत होतं. तिनं मान वर केली तर समोर कडूबाई. कडूबाईनं बोटं बघितली होती. दोघींची नजरानजर झाली आणि कमलबाईला वाटलं, आता ही ढोल बडवणार. पण कडूबाईनं आधी आईचा हसरा चेहरा बघितला, मग डोळ्यांनीच भावजयीला हात पदराखाली घ्यायला सांगितला. ज्या बाईनं कालपासून खोटं-खोटं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ती आता खरं ठरावं म्हणून धडपडत होती. कमलबाईनं हात पदराखाली घेतला.

बायनाबाईची सगळी हयात सुतळीत, दोऱ्यात आणि कापसात गेली होती. तिनं गोंड्याचं एक टोक तोडलं, दुसऱ्या वाटीत दूध घेतलं आणि ते टोक त्यात बुडवलं. दूध गुलाबी झालं.

"भावजी, तुमच्या जहागीरदाराचा दोराबी कच्चा आसंल," एवढंच ती म्हणाली. सटवाजीबाबांना एकाएकी बैलांना पाणी दाखवायचं आठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी परभणीहून धाकटा लेक लिंबाजी आला. तो तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि दूध प्रकरण ऐकून त्याला हसू आणि संताप दोन्ही एकदम आले. वडील हयात असते तर धम्मदीक्षेनंतर या घरात असले प्रकार होऊ दिले असते का, असं त्यानं भिंतीवरच्या तसबिरींकडे हात करून सगळ्यांना विचारलं. मग म्हणाला, साधी गोष्ट आहे, माणिक काचेपेक्षा कठीण असतं, काचेवर ओढलं की चरा उमटणार. घरात काच कुठली, तर वहिनीच्या कपाटाचा आरसा. कमलबाई नको-नको म्हणेपर्यंत त्यानं आरशावर खडा ओढला. करकर आवाज झाला आणि आरशावर वीतभर लांब रेघ उमटली.

"बघ माय. काच न्हाई."

"काच न्हाई, मग काय हाय?"

इथं लिंबाजीनं माणिक म्हणायला हवं होतं. पण तो हाडाचा मास्तर. त्यानं खरं ते सांगितलं, की आता कारखान्यातही माणिक तयार करतात, तेही काचेवर चरा पाडतं, आणि दोन्हींतला फरक त्याला काही सांगता येणार नाही. हे ऐकून दिनकररावानं कपाळावर हात मारला. घरात आता खोट्या पदकाच्या जोडीला चरा पडलेला आरसाही होता.

दिनकरराव रुसला. तो सहसा रुसत नसे. पण आईला हैदराबाद दाखवावं, तिच्या पसंतीनं दागिना घ्यावा, हे त्याच्या मनात किती वर्षांपासून होतं. पत्थरगट्टीच्या बाजारातला तो म्हातारा सराफ, "आओ अम्मा, आप बैठो" म्हणत स्वतःच्या उपरण्यानं खुर्ची झटकून देणारा, त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आई खुर्चीवर बसली आणि आपण मागे उभे राहिलो, तेव्हा आयुष्यात काहीतरी केलं असं त्याला वाटलं होतं. आणि आईनं त्या सगळ्यावर पाणी ओतलं. हे तो कोणाशी बोलला नाही, फक्त जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही. बायनाबाईच्या ते लक्षात आलं.

शनिवारी सकाळी ती ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. कमलबाई येऊन शेजारी बसली, दुसरा दगड घेतला आणि फोडू लागली. अर्धी टोपली झाल्यावर तिनं विचारलं, "आत्याबाई, तुमाला नेमकं खटकायलंय काय? रंग का घडण?"

"रंग चांगला हाय. घडणबी चांगली हाय. तुझी नजर चांगलीच हाय."

"मग?"

बायनाबाईनं फोडलेल्या चिंचेतले चिंचोके वेगळे काढले. मग म्हणाली, "त्यानं मला खुर्ची दिली, कमल."

कमलबाईला आधी काही कळलं नाही. मग बायनाबाई सावकाश बोलत गेली. ती बारा वर्षांची असताना तिच्या लग्नाला चांदीचे वाळे घ्यायला बाप तिला पूर्णेच्या बाजारात घेऊन गेला होता. चैताचं ऊन. सराफाच्या ओट्याखाली दोघं दुपारपर्यंत उभे. पैसे खाली धुळीत ठेवायला लावले आणि पाणी शिंपडून उचलले. वाळे ओट्यावरून बापाच्या धोतराच्या सोग्यात टाकले. पण वाळे अस्सल होते. तीस-चाळीस वर्षं वापरले आणि दुष्काळात मोडले तेव्हाही चांदीत एवढीशी खोट निघाली नाही.

"उन्हात हुबं करून त्यानं खरं दिलं," ती म्हणाली. "आन ह्यानं खुर्ची झटकून दिली, चहा मागवला, त्यो सवता पेत व्हता तसल्याच कपबशीत. एवढा मान आपल्याला फुकट कोण देतंय? काईतरी खपवायचं आसंल म्हूनच दिला आसंल. मी तर चहाला तोंड लावलं न्हाई. खुर्चीखाली ठिवून दिला."

कमलबाईला आधी हसू आलं. मग हसू थांबलं आणि डोळे भरून आले. चार दिवस ती सासूवर मनातल्या मनात रागावली होती, त्याची तिला लाज वाटली. दगड तिथंच टाकून ती तशीच, चिंचेच्या हातांनी, स्टेशनवर गेली आणि तिकिटाच्या खिडकीतून नवऱ्याला सगळं सांगितलं. दिनकररावाचा रुसवा तिथंच संपला.

त्याला एकदम बन्सीधर सोनार आठवले. पूर्णेचे, सत्तरी ओलांडलेले, घडणीचं काम सोडलेले, पण भिंग अजून गळ्यात बाळगणारे. दर शनिवारी ते दुपारच्या पॅसेंजरनं नांदेडला लेकीकडे जायचे. आणि शनिवारी पॅसेंजरचं मालगाडीशी क्रॉसिंग चुडाव्यालाच पडायचं. एकेरी रूळ, नांदेडकडून मालगाडी येऊन बाजूला लागेपर्यंत पॅसेंजर वीस मिनिटं हलत नाही. वीस मिनिटांत खडा बघून होतो.

दुपारी सगळं घर फलाटावर आलं. पदक कडूबाईनं पदराच्या गाठीत बांधलं होतं आणि गाठीवरची मूठ ती सोडत नव्हती. काल-परवा जे तिच्या लेखी काच होतं, त्याची ती आता राखण करत होती. सटवाजीबाबाही काठी टेकत आले, दुधाची इज्जत वाचते का ते बघायला.

गाडी आली. बन्सीधर तिसऱ्या डब्यात खिडकीशीच होते. लिंबाजीनं पळत जाऊन त्यांना गाठलं, हकीकत सांगितली. त्यांनी भिंग धोतराला पुसायला घेतलं, आणि नेमकी त्याच दिवशी मालगाडी वेळेआधी आली. पाच मिनिटांत ती धडधडत बाजूच्या रुळाला लागली. सिग्नल पडला. बन्सीधर अजून पदक उन्हात फिरवत होते.

गार्डानं शिट्टी फुंकली. तिकीट खिडकी बंद करून दिनकरराव धावत आला आणि गार्डासमोर उभा राहिला. नोकरीत पहिल्यांदाच त्यानं गाडी थांबवायला सांगितली. "एक मिनिट, साहेब. घरचं काम हाय." गार्ड त्याला ओळखत होता. ज्या माणसानं कधी अर्धं मिनिट मागितलं नाही, त्याचं काम मोठंच असणार, असं समजून त्यानं हिरवा झेंडा काखेत धरला आणि विडी पेटवली.

"लय उंची न्हाई," बन्सीधर म्हणाले.

सटवाजीबाबा काठीसकट खिडकीशी सरकले.

"रंग जरा फिका हाय. पण खाणीतलं हाय. आत रेशमावानी जाळं दिसायलंय. कारखान्याचा खडा लय साफ आसतोय, त्यात हे न्हाई घावत. कितीला घेतलं?"

दिनकररावानं धापा टाकत आकडा सांगितला. बन्सीधरांनी क्षणभर हिशेब केला आणि मान हलवली. "वाजवी घेतलं. मी आसतो तर मीबी तेवढंच घेतलं आसतं."

"आणखी एकदा बघा," बायनाबाई म्हणाली.

त्यांनी न कुरकुरता आणखी एकदा बघितलं. गार्डाची दुसरी शिट्टी झाली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पदक तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "खरं हाय बाई. घाला नातीला." गाडी हलली.

मग फलाटावर जत्रा भरली. कडूबाईनं आपलं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं असं सांगितलं आणि यावेळी कमलबाईनं हसत-हसत त्याला दुजोरा दिला. दूध गुलाबी झालं ते उगाच नव्हतं, असं सटवाजीबाबांनी लिंबाजीला बजावलं. लिंबाजीनं वहिनीला नवा आरसा कबूल केला. गीता आईच्या गळ्यात पडली. दिनकरराव गार्डाच्या डब्याला हात हलवत होता आणि गाडी तीन मिनिटं उशिरा सुटल्याची नोंद रजिस्टरात कोणत्या कारणाखाली करावी, याची त्याला एकीकडे काळजी लागली होती.

बायनाबाई तेवढी फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली होती. तिनं पदक दोन बोटांत धरून उन्हाकडे केलं आणि सुईचं नेढं बघावं तसं एक डोळा मिटून बघितलं. पदक घरात आल्यापासून पहिल्यांदा. बराच वेळ बघितलं. कमलबाई बाकापाशी आली.

"आता काय ऱ्हायलं, आत्याबाई?"

"खडा खरा निघाला."

"व्हय की."

"म्हंजी खुर्चीबी त्यानं खरीच दिली व्हती."

कडूबाईनं नाक पुसलं. दिनकरराव येऊन आईच्या शेजारी बाकावर बसला. बायनाबाईनं पदक गीताच्या ओंजळीत दिलं आणि लेकाकडे वळली.

"दिनकर, तुझा पास परत कवा मिळंल?"

"नव्या साली. जानेवारीत. कामून?"

"काढ. कडूलाबी घेऊ, तिचं तिकीट मी काढते." पदर सावरत ती उठली आणि घराकडे चालायला लागली. "त्या माणसाचा चहा प्यायचा ऱ्हायलाय माझा."